कँडलस्टिक पॅटर्न पाहून सौदा कधी घ्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅटर्नची नावं तोंडपाठ आहेत, चार्टवर ते ओळखताही येतात, पण खरेदीचं बटण नेमकं कधी दाबायचं हे ठरत नाही, अशी तक्रार सारखी ऐकू येते. ही उत्तरं अशा वाचकांसाठी आहेत. उदाहरणं निफ्टीची आणि एनएसईच्या रोख बाजारातली आहेत. जिथे शेअरचं नाव नाही तिथले आकडे गणित समजावण्यापुरते घेतले आहेत, ती शिफारस नाही.

एका कँडलमध्ये काय काय दिसतं?

चार भाव. ठरलेल्या वेळेत पहिला सौदा कितीला झाला, भाव वर कुठवर गेला, खाली कुठवर आला आणि शेवटी कितीला बंद झाला. उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव यांच्यामधला जाड भाग म्हणजे बॉडी. वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे विक. काही जण त्यांना शॅडो म्हणतात.

खालची विक लांब असेल तर विकणाऱ्यांनी भाव तिथवर पाडला, पण तिथे घेणारे उभे होते आणि त्यांनी तो पुन्हा वर आणला, इतकं समजतं. ते घेणारे उद्याही येतील का, हे त्या कँडलवरून समजत नाही. पॅटर्नकडून आपण काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे या एका मर्यादेवरून ठरतं. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

हिरवी कँडल म्हणजे भाव वाढला, लाल म्हणजे पडला, बरोबर ना?

नाही, आणि हा गोंधळ फार महाग पडतो. कँडलचा रंग त्याच दिवसाच्या उघडण्या-बंद होण्यावरून ठरतो. कालच्या बंद भावाशी त्याचा संबंध नसतो.

३ जून २०२४ चा निफ्टी बघा. एक्झिट पोलनंतरचा तो सोमवार होता. आधीच्या शुक्रवारी निफ्टी २२,५३० वर बंद झाला होता. सोमवारी तो २३,३३८ वर उघडला आणि २३,२६४ वर बंद झाला. म्हणजे एका दिवसात तब्बल ७३३ अंकांची वाढ, पण उघडला त्याच्या खाली बंद झाल्यामुळे कँडल लाल. रंग बघून ‘आज मंदी होती’ म्हणणारा माणूस त्या दिवशी सपशेल चुकला असता. गॅप पडलेल्या दिवशी, म्हणजे भाव कालच्या बंद भावापासून उडी घेऊन उघडला तर, रंग बाजूला ठेवा आणि आधीच्या दिवसाचा बंद भाव शोधा.

हे तंत्र आलं कुठून?

जपानच्या तांदूळबाजारातून. ओसाकातल्या दोजिमा इथे तांदळाच्या पावत्यांवर सौदे होत, आणि १७३० मध्ये शोगुनच्या राजवटीने त्या बाजाराला अधिकृत मान्यता दिली. साकाता गावचे व्यापारी होम्मा मुनेहिसा यांना या तंत्राचं श्रेय देण्याची पद्धत आहे. ते अठराव्या शतकातले. पण आज आपण जशी कँडल काढतो ती त्यांच्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाली, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. अमेरिका-युरोपात ही पद्धत पसरली ती १९९० च्या दशकात, मुख्यतः स्टीव्ह निसन या अमेरिकी विश्लेषकाच्या लिखाणामुळे. तिथून ती आपल्याकडे आली.

किती पॅटर्न शिकावे लागतात? पुस्तकांत तर साठ-सत्तर असतात.

माझ्या मते सात पुरेत: हॅमर, बुलिश एन्गल्फिंग, मॉर्निंग स्टार (लाल, मग छोटी, मग हिरवी अशा तीन कँडल), तेजीच्या या तिघांचे मंदीतले जोडीदार आणि इनसाइड बार (आदल्या कँडलच्या उच्चांक-तळाच्या आतच राहिलेली कँडल). बाकीचे बहुतेक याच गोष्टी वेगळ्या आकारात सांगतात.

हे स्वतः तपासता येतं. दोन दिवसांचं बुलिश एन्गल्फिंग घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाची हिरवी बॉडी आदल्या लाल बॉडीला झाकून टाकते तो पॅटर्न. पहिल्या दिवशी शेअर १०० वर उघडला, ९४ पर्यंत गेला, ९५ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी ९४.५० वर उघडला, ९३ चा तळ केला, १०१.५० पर्यंत चढला आणि १०१ वर बंद झाला. आता या दोन दिवसांची मिळून एकच कँडल काढा: उघडला १००, बंद १०१, वर १०१.५०, खाली ९३. वर छोटी बॉडी, खाली लांबलचक विक. म्हणजे हॅमरच. पिअर्सिंग लाइन (आदल्या लाल बॉडीच्या मध्याच्या वर बंद होणारी हिरवी कँडल) आणि मॉर्निंग स्टार यांचंही जवळपास असंच होतं. घटना एकच: पडता भाव एका ठिकाणी अडला आणि पडझड जिथून सुरू झाली होती तिकडे परतला. ती किती कँडलमध्ये दिसली त्यावरून नाव बदलतं.

म्हणून नावं पाठ करण्यात महिने घालवू नका. तो वेळ पुढच्या प्रश्नाला द्या.

हॅमर दिसला की लगेच घ्यायचं का?

आधी तो कुठे दिसला ते बघा. दोन आठवडे पडत असलेला शेअर पूर्वी दोनदा जिथून उसळला होता त्याच पट्ट्यात येऊन हॅमर करतो, तेव्हा त्याला अर्थ असतो. शेअर एका पट्ट्यात नुसता रेंगाळत असताना मध्येच आलेला हॅमर सोडून द्या. आणि चढून चढून थकलेल्या शेअरच्या माथ्यावर हुबेहूब हाच आकार आला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि तो धोक्याची सूचना मानला जातो. आकार तोच, जागा बदलली की अर्थ उलटा.

जागा योग्य असेल तरी हॅमरच्याच दिवशी घाईने शिरू नका. रूढ पद्धत अशी आहे की दुसऱ्या दिवशी भाव हॅमरच्या उच्चांकावर गेला तरच घ्यायचं आणि हॅमरच्या तळाखाली स्टॉप लॉस (तोटा थांबवण्यासाठी आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) ठेवायचा. भाव वर गेलाच नाही तर सौदा झालाच नाही, पैसा जागच्या जागी. मला या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. खूपसे फसवे पॅटर्न आपल्या पैशाला हात न लावताच निघून जातात.

वरच्या पद्धतीचं एखादं पूर्ण गणित करून दाखवाल का?

खरेदीचं ‘टायमिंग’ म्हणजे नुसती वेळ नाही. भाव, स्टॉप लॉस आणि शेअरची संख्या या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. म्हणून इथे जरा थांबूया.

समजा हॅमरचा उच्चांक ५१४ आणि तळ ४९८ आहे. खरेदी ५१५ ला, स्टॉप लॉस ४९७ ला. दर शेअरमागे जोखीम १८ रुपये. तुमचं भांडवल दोन लाख आहे आणि एका सौद्यात त्यातल्या एक टक्क्याहून जास्त गमवायचं नाही, असं ठरवलं आहे. म्हणजे २,००० रुपये. दोन हजारांना अठराने भागा: १११ शेअर. रक्कम होते साधारण ५७,१६५ रुपये. बघा, किती शेअर घ्यायचे हे कँडलच्या उंचीवरून ठरलं. ‘पन्नास हजार पडून आहेत, त्यात बसतील तेवढे’ या हिशोबाने ठरलं नाही.

आता टार्गेट जोखमीच्या दुप्पट धरलं तर ५१५ अधिक ३६, म्हणजे ५५१. दहा सौद्यांपैकी सहा चुकले आणि चारच बरोबर आले तरी सहा वेळा दोन हजार गेले आणि चार वेळा चार हजार आले. हातात चार हजार उरतात. यातून खर्च वजा करा. डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवला तर) खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय एक्स्चेंजचे आकार, जीएसटी आणि विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्याचं शुल्क). वरच्या सौद्यात हे सगळं मिळून दीडशे रुपयांच्या आसपास जातं, ब्रोकरेज वेगळं. दहा सौद्यांत दीड हजार. चार हजारांतले अडीच उरले.

या हिशोबाची दुसरी बाजूही आधीच समजून घ्या. चाळीस टक्के सौदेच बरोबर येत असतील तर ओळीने पाच सौदे तोट्यात जाण्याची शक्यता जवळपास आठ टक्के असते. वर्षभर सौदे केले तर अशी एखादी रांग येणारच. एक टक्क्याचा नियम पाळणाऱ्याचे त्यात दहा हजार जातात, तो टिकून राहतो. भांडवलाचा दहा टक्के भाग पणाला लावणाऱ्याचं अर्ध्याच्या जवळपास भांडवल जातं, आणि मग तो पॅटर्नला शिव्या देतो.

हॅमर फारच उंच असेल तर? स्टॉप लॉस खूप लांब पडतो.

शेअर कमी घ्या, नाहीतर भाव हॅमरच्या मध्यापर्यंत परत यायची वाट बघा. पुष्कळदा येतो. आला नाही तर सोडून द्या. स्टॉप लॉस ‘परवडतो म्हणून’ हॅमरच्या मध्यावर आणून ठेवणं मात्र करू नका. पॅटर्न चुकीचा ठरतो तो तळ तुटल्यावर. मध्यावरचा स्टॉप लॉस पॅटर्न शाबूत असतानाही उडतो.

साडेतीनपर्यंत थांबलो तर त्या दिवशी खरेदी करता येत नाही. मग ३:२० लाच घेऊ का?

कँडल बंद होईपर्यंत पॅटर्न पुरा झालेला नसतो. दुपारी तीनला सुंदर हॅमर दिसणारा शेअर शेवटच्या वीस मिनिटांत घसरून साधी लाल कँडल होतो, हे दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतं.

आपल्या बाजारात यात आणखी एक बारकावा आहे. एनएसईवर वर्षानुवर्षं शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नसतो. ३ ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमनुसार (किती शेअरची उलाढाल झाली त्यानुसार) सरासरी काढून तो ठरवला जात आला आहे. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला पडद्यावर दिसणारा भाव आणि रात्री रोजच्या चार्टवर दिसणारा बंद भाव यांत फरक पडू शकतो. पाच मिनिटांच्या चार्टवरची शेवटची कँडल आणि दिवसाची कँडल जुळत नाही अशी शंका अनेकांना येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोजी (उघडतानाचा आणि बंद भाव जवळपास एकच) आणि एन्गल्फिंगसारख्या पॅटर्नमध्ये थोड्याशा फरकानेही पॅटर्न आहे की नाही ते बदलतं.

नोकरी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: संध्याकाळी शांतपणे चार्ट बघा, दुसऱ्या दिवशीची ऑर्डर उच्चांकाच्या वर लावून ठेवा आणि कामाला जा. ३:२० ची घाई कोणाच्याच फायद्याची नाही.

कोणती टाइम फ्रेम वापरावी?

सुरुवात रोजच्या चार्टपासून, आणि आठवड्याच्या चार्टवर एक नजर टाकून. पाच मिनिटांच्या कँडलवर पॅटर्न दिवसभर दिसत राहतात. त्यातल्या बहुतेकांमागे एखादी मोठी ऑर्डर एवढंच कारण असतं.

तासाच्या चार्टबद्दल एक सूचना. आपला बाजार ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. तासातासाने कापला तर शेवटची कँडल फक्त पंधरा मिनिटांची उरते, आणि तिची बाकीच्या सहा कँडलशी तुलना करणं चुकीचं आहे. म्हणूनच इथले अनेक ट्रेडर ७५ मिनिटांची कँडल वापरतात. दिवसाचे बरोबर पाच सारखे भाग पडतात. १२५ मिनिटांची घेतली तर तीन. परदेशी व्हिडिओत तासाचा किंवा चार तासांचा चार्ट बघून तो तसाच्या तसा इथे लावण्याआधी हे लक्षात ठेवा.

स्टॉप लॉस लावला होता, तरी तोटा ठरवल्यापेक्षा जास्त झाला. असं कसं?

गॅपमुळे. ४९७ चा स्टॉप लॉस असताना शेअर सकाळी ४८० वर उघडला तर विक्री ४८० च्या आसपासच होणार. शिवाय साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असते. दुसऱ्या दिवशी ती नव्याने लावावी लागते. ब्रोकरची जीटीटी सुविधा (ठरलेला भाव येईपर्यंत टिकणारी ऑर्डर) हे काम सोपं करते, पण तीही गॅपपासून वाचवत नाही.

गॅपची मोठी कारणं आधी माहीत असतात. तिमाही निकालाची तारीख, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प. निकाल उद्या असेल तर आजचा हॅमर कितीही देखणा असो, त्यावर पैसे लावण्यात अर्थ नाही.

भक्कम पॅटर्न होता, तरी बाजार उलटा गेला. पॅटर्न खोटे असतात का?

दोन तारखा तुमच्या चार्टवर उघडा.

पहिली, १३ मार्च २०२०. कोविडच्या भीतीने बाजार कोसळत होता. निफ्टी आदल्या दिवशी ९,५९० वर बंद झाला होता. त्या शुक्रवारी उघडताच काही मिनिटांत तो दहा टक्के पडला, लोअर सर्किट लागलं, म्हणजे पडझडीची ठरलेली मर्यादा गाठली गेली, आणि ४५ मिनिटं सौदे थांबले. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर ८,५५५ च्या तळापासून निफ्टी उसळला, मध्ये दहा हजारांच्या वर गेला आणि ९,९५५ वर बंद झाला. तळापासून चौदाशे अंक वर. लांब खालची विक आणि वर मोठी हिरवी बॉडी. तेजीचं याहून ठळक चित्र क्वचितच बघायला मिळतं. पुढच्या सहा सत्रांत, २३ मार्चला, निफ्टी ७,६१० वर बंद झाला. साडेतेवीस टक्के खाली.

आता वरचा नियम लावून बघा. त्या कँडलचा उच्चांक सोमवारी ओलांडलाच गेला नाही. बाजार खालीच उघडला आणि ९,२०० च्या खाली बंद झाला. उच्चांकाच्या वरच घ्यायचं असं ठरवलेल्याचा सौदाच झाला नाही. शुक्रवारी दुपारी ‘तळ झाला’ म्हणून शिरलेल्याला मात्र पुढचे सहा दिवस फार जड गेले. आणि खरा तळ आला २४ मार्चला, ७,५११ वर. त्या दिवशीची कँडल लहान बॉडीची, दोन्हीकडे विक असलेली होती. कोणी फ्रेम करून लावावी अशी नव्हती.

दुसरी तारीख, ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टी १,३७९ अंक पडून २१,८८४ वर बंद झाला. एवढी लांब लाल कँडल की मंदीबद्दल शंकाच उरू नये. दुसऱ्याच दिवशी तो २२,६२० वर बंद झाला आणि ७ जूनला २३,२९० वर. तीन दिवसांत सगळं भरून निघालं.

दोन्ही वेळी बाजार एका मोठ्या बातमीला तोंड देत होता. पॅटर्न वाचताना आपण धरून चालतो की भाव रोजच्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या ओढाताणीतून बनला आहे. बातमीच्या दिवशी हे गृहीतकच कोसळतं. अशा दिवसाची कँडल चार्टवर राहू द्या, तिच्या उच्चांक-तळाची नोंद ठेवा, पण तिच्यावरून दिशा ठरवू नका.

मंदीचा पॅटर्न दिसला तर शॉर्ट करू का?

रोख बाजारात हातात नसलेला शेअर विकला तर तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. म्हणजे रोजच्या चार्टवरचा शूटिंग स्टार (उलटा हॅमर, वरची विक लांब) किंवा बेअरिश एन्गल्फिंग दिसल्यावर चार-पाच दिवसांची शॉर्ट पोझिशन डिलिव्हरीत घेता येत नाही. त्यासाठी फ्युचर्स-ऑप्शनकडे, म्हणजे पुढच्या तारखेच्या करारांकडे, जावं लागतं. इंट्राडे (त्याच दिवसापुरता) शॉर्ट केलेल्या शेअरला अपर सर्किट लागलं तर परत घ्यायला विकणाराच मिळत नाही, प्रकरण लिलावात जातं आणि तिथे बसणारा भुर्दंड मोठा असतो.

म्हणून सामान्य गुंतवणूकदारासाठी मंदीच्या पॅटर्नचा खरा उपयोग दोन ठिकाणी: हातातल्या शेअरचा स्टॉप लॉस वर सरकवणं किंवा थोडा नफा बुक करणं, आणि नवी खरेदी पुढे ढकलणं. हे कमी वाटत असलं तरी पैसा वाचतो तो बराचसा इथेच.

स्मॉल कॅप शेअरमध्ये पॅटर्न चालतात का?

ज्यात रोज थोडेच सौदे होतात तिथे नाही. अशा शेअरचा भाव एका दिवसात किती वर-खाली जाईल याला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. सर्किट लागलं की कँडल नुसती आडवी रेघ होते: उघडला, वर गेला, खाली आला, बंद झाला, सगळं एकाच भावाला. तांत्रिक भाषेत तीही दोजीच, पण ‘घेणारे-विकणारे बरोबरीत’ हा दोजीचा अर्थ तिथे लागू होत नाही. तिथे एक बाजू गायबच असते. शिवाय लोअर सर्किटच्या रांगेत अडकलेल्याच्या स्टॉप लॉसला कोणी विचारत नाही. निफ्टी ५०० च्या बाहेर निदान सुरुवातीला तरी जाऊ नका.

मुहूर्ताच्या सौद्यांची कँडल मोजायची का?

लक्ष्मीपूजनाचं ते सत्र फक्त तासाभराचं असतं, आणि बरेच जण शुभारंभ म्हणून थोडे शेअर घेतात. रोजच्या चार्टवर त्याची इवलीशी कँडल उमटते आणि दोजी किंवा इनसाइड बारसारखी दिसते. सोडून द्या.

व्हॉल्यूम, आरएसआय वगैरे सोबत बघावं का?

व्हॉल्यूम जरूर बघा. मागच्या वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त व्हॉल्यूमवर आलेला हॅमर जास्त वजनाचा. पण कधीकधी एखाद्या ब्लॉक डीलमुळे (एकाच वेळी झालेल्या मोठ्या सौद्यामुळे) आकडा फुगतो, तेही तपासा. आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर मोजणारा आकडा) आणि बाकीचे इंडिकेटर त्याच भावांवरून काढलेले असतात. तीन इंडिकेटर ‘हो’ म्हणाले म्हणजे तीन वेगळे पुरावे मिळाले असं होत नाही.

हेकिन आशी चार्टवर पॅटर्न जास्त स्वच्छ दिसतात. तोच वापरू का?

त्या कँडल सरासरी काढून बनवलेल्या असतात, त्यांच्यावरचे भाव प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांचे नसतात. ट्रेंड डोळ्यांखालून घालायला ठीक; खरेदीचा भाव आणि स्टॉप लॉस तिथून घेऊ नका.

या सगळ्याला काही शास्त्रीय पुरावा आहे का?

आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० मधल्या शेअरवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन दिवसांच्या पॅटर्नमध्ये पुढचा अंदाज देण्याची क्षमता आढळली. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरवर १९९२ ते २००२ या काळासाठी तपासलं, तेव्हा कँडलस्टिकच्या नियमांनी नफा झाल्याचं दिसलं नाही. पॅटर्न ओळखता आला म्हणजे पैसे मिळाले, असं कोणी सांगत असेल तर हा दुसरा अभ्यास त्याला दाखवा.

माझा आग्रह आहे की दुसऱ्याच्या अभ्यासावर थांबू नका. एनएसईच्या संकेतस्थळावर रोजची भावकॉपी (त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाइल) फुकट मिळते. एक शेअर घ्या, पाच वर्षांचे भाव एक्सेलमध्ये भरा, हॅमरची व्याख्या आकड्यांत लिहा: खालची विक बॉडीच्या निदान दुप्पट, बॉडी वरच्या तिसऱ्या भागात, आधीच्या दहा दिवसांत भाव पडलेला. मग दर वेळी उच्चांकाच्या वर खरेदी आणि तळाखाली स्टॉप लॉस धरून निकाल लिहा, खर्च वजा करून. बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर आधीचे भाव त्या प्रमाणात कमी करून घ्या, नाहीतर स्प्लिटच्या दिवशी भाव निम्मा झाल्यासारखं दिसेल. एका रविवारचं काम आहे. व्याख्या आकड्यांत लिहायला बसलं की आपण आजवर ‘हॅमर’ म्हणून किती वेगवेगळे आकार खपवून घेत होतो, तेही समोर येतं.

पॅटर्न बघून निफ्टीचे ऑप्शन घेतले तर कमी पैशात जास्त नफा होईल ना?

कृपया हे करू नका. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचं दिसलं. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. त्यानंतरच्या २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के तोट्यातच होते. नुसत्या रोख इंट्राडेतही २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जणांनी पैसे गमावले, आणि तिशीच्या आतल्यांचं प्रमाण त्याहून वाईट होतं. या आकड्यांमागे घराघरातली बचत आहे.

ऑप्शनमध्ये पॅटर्न कमजोर का पडतो, याचं साधं कारण वेळ. रोजच्या चार्टवरचा हॅमर ‘वर जाईल’ इतकंच सुचवतो. मंगळवारच्या एक्स्पायरीच्या (ऑप्शनची मुदत संपण्याच्या) आत जाईल असं म्हणत नाही. भाव दोन दिवस जागीच थांबला आणि मग वर गेला, तर शेअरवाल्याचं काहीच बिघडत नाही. विकत घेतलेल्या ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, तेवढ्यात वितळलेला असतो. दिशा बरोबर आणि खात्यात तोटा, हा अनुभव तिथे रोजचा आहे.

टेलिग्रामवर कोणी ‘९० टक्के अचूक पॅटर्न’ शिकवतं. विश्वास ठेवू का?

शेअर सुचवून पैसे घेणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. रिसर्च अॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ ने, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शिकवता येणार नाही. चालू बाजारात नाव घेऊन ‘हा बघा हॅमर, उद्या घ्या’ म्हणणारा शिक्षक नाही, टिप देणारा आहे. नोंदणी असलेल्या व्यक्तीविरुद्ध तक्रार असेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर करा.

एखाद्याचे यशस्वी चार्ट बघताना एकच मागणी करा: तोट्यात गेलेले मागचे वीस सौदे दाखवा.

कर कसा लागतो?

डिलिव्हरीत घेतलेला शेअर बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के अल्पकालीन भांडवली नफा कर, अधिक सेस. हा दर २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला लागू आहे. त्याआधी तो १५ टक्के होता. इंट्राडेचा नफा सट्ट्याचं व्यावसायिक उत्पन्न धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर बसतो. इंट्राडेचा तोटा फक्त अशाच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. वर्षाअखेरीला ब्रोकरकडून मिळणारा नफा-तोटा अहवाल उतरवून घ्या. त्यात डिलिव्हरी आणि इंट्राडे वेगळे दाखवलेले असतात.